आगीची चौकशी झाली, फुफाट्याचे काय?

२०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या संसदेच्या पायऱ्यांवर माजी सैनिक दिवसरात्र ठाण मांडून बसले होते. इराक आणि अफगाणिस्तानातील लष्करी तळांच्या कडेला मोठमोठे उघडे खड्डे खणून त्यांत प्लास्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा असे सारे काही विमानाचे इंधन ओतून जाळले जात असे. बगदादच्या उत्तरेकडील बलाद येथील तळावरचा असा खड्डा सुमारे दहा एकरांचा होता. त्या धुरात ज्यांनी महिनोन्‌महिने काढले, त्यांना उपचार आणि भरपाई मिळवून देणारे विधेयक सिनेटने २७ जुलैला खर्चाच्या वर्गवारीवरून अडवले, टीकेची झोड उठल्यावर २ ऑगस्टला ८६ विरुद्ध ११ मतांनी संमत केले आणि १० ऑगस्टला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. जे झाले ते न्याय्यच झाले. परंतु त्या वादात आणि त्यानंतरच्या चर्चेतही खड्ड्यांनी आणि धुराने एवढी जागा व्यापली, की त्याच सैनिकांनी त्याच तळांवर चोवीस तास जी धूळ श्वासावाटे आत घेतली, तिच्याविषयी फारसे कोणी बोललेच नाही. आगीतून फुफाट्यात, असे आपण म्हणतो. हे सैनिक एकाच वेळी आगीतही होते आणि फुफाट्यातही होते. चौकशी मात्र आगीची झाली.

धुळीचा विषय निघतो तेव्हा तो दोन टोकांवरून भांडला जातो. एक पक्ष म्हणतो, वाळू ही शेवटी वाळूच, माणसे हजारो वर्षे वाळवंटात राहत आली आहेत, धुळीने नेमका कोणता रोग झाला ते आधी सिद्ध करा. दुसरा पक्ष म्हणतो, ती माती विषारी आहे, तिच्यात जड धातू आहेत, जंतू आहेत, आणि परतलेल्या सैनिकाचे प्रत्येक दुखणे तिच्यातूनच आले आहे. दोघेही मातीवर खटला चालवतात. एकाला ती निर्दोष सुटायला हवी आहे, दुसऱ्याला ती दोषी ठरायला हवी आहे. माझे म्हणणे निराळे आहे. वाळवंटातील धूळ ही सैनिकाच्या कामाच्या जागेवरची जोखीम आहे, जशी खाणीतली धूळ खाणकामगाराच्या. ती मोजण्याची आणि प्रत्येक माणसाच्या नावावर तिची नोंद ठेवण्याची जबाबदारी त्याला तिथे पाठवणाऱ्याची आहे. आणि ही जबाबदारी पार पाडली गेली नाही म्हणून जी शंका शिल्लक राहिली, तिचा फायदा पाठवणाऱ्याला मिळता कामा नये, सैनिकाला मिळाला पाहिजे.

आधी विरोधकांच्या बाजूचे जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, आणि ते थोडेथोडके नाही. १९९०-९१ च्या आखाती युद्धात सुमारे सात लाख अमेरिकी सैनिक गेले होते आणि त्यांतील निदान चौथा हिस्सा थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशा एकमेकांत गुंतलेल्या तक्रारी घेऊन परतला. युद्धानंतर लगेचच या तक्रारींचे मूळ सौदी अरेबियातील अतिसूक्ष्म वाळूत शोधणारे संशोधन पुढे आले. रियाधजवळच्या अल एस्कान या वसाहतीवरून त्या दुखण्याला नावही देण्यात आले. परंतु पुढे पुराव्याचा काटा धुळीपेक्षा मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या रसायनांकडे झुकत गेला: विषारी वायूपासून बचावासाठी सैनिकांना दिलेल्या गोळ्या, कीटकनाशके आणि मार्च १९९१ मध्ये इराकमधील खमिसिया येथील शस्त्रसाठा उडवताना हवेत मिसळलेला सरीन वायू. सौदी अरेबियात तैनात असलेल्या सुमारे अडीच हजार सैनिकांच्या त्या वेळच्या एका पाहणीत तर असे दिसले, की खोकला आणि घसादुखी तंबूत झोपणाऱ्यांपेक्षा बंदिस्त, वातानुकूलित इमारतींत दाटीने झोपणाऱ्यांना अधिक होती. बाहेरच्या धुळीपेक्षा आतली गर्दी अधिक बाधली, असाच याचा अर्थ निघतो.

इराक युद्धातील जखमी सैनिकांच्या जखमांत एक चिवट जिवाणू सापडू लागला तेव्हाही हेच घडले. बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा हा अ‍ॅसिनेटोबॅक्टर इराकच्या मातीतून, स्फोटाबरोबर जखमेत घुसतो, असे सगळीकडे सांगितले गेले आणि सैनिकांनी त्याला इराकचेच नाव दिले. नीट शोध घेतल्यावर तो मातीत नव्हे, तर लष्कराच्या स्वतःच्या रणभूमीवरील इस्पितळांत मुक्काम ठोकून असल्याचे आढळले. मातीला दोष देण्याची घाई झाली नसती, तर इस्पितळांच्या सफाईकडे लक्ष लवकर गेले असते. म्हणून ‘सगळे धुळीनेच झाले’ असे म्हणणारा पक्ष सैनिकांचा कैवारी वाटला तरी त्यांचे नुकसानच करतो. २००६-०७ मध्ये आखाती देश, अफगाणिस्तान आणि जिबूती येथील १५ लष्करी ठिकाणी जी धूळ तपासली गेली, तिचे खनिज स्वरूपही सहारातील किंवा अमेरिकेच्या स्वतःच्या वाळवंटातील धुळीहून फार निराळे नव्हते. इराकची माती जगावेगळी विषारी नाही.

मग प्रश्न मिटला का? नाही, कारण धुळीला अपाय करण्यासाठी विषारी असावेच लागत नाही. दगडाच्या खाणीतला दगड कुठे विषारी असतो? साधी गारगोटी, म्हणजे सिलिकाच, तिथे माणसाची फुफ्फुसे दगडासारखी करून टाकते. किती धूळ, किती बारीक आणि किती दिवस, या तीन प्रश्नांवर सारे ठरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशातच अडकतात, पण चारेक मायक्रॉनच्या खालचे कण थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतात जी धूळ होती तिला तिथले सैनिक ‘चांद्रधूळ’ म्हणत. ती वाळूसारखी टोचत नाही. गव्हाच्या पिठाहून मऊ अशा त्या थरात बूट घोट्यापर्यंत रुततो, पाय उचलला की ती पाण्यासारखी वाहून खड्डा भरून काढते, आणि एक ट्रक गेला की उठलेला लोट बराच वेळ खाली बसत नाही. आपल्याकडे फुफाटा हा शब्द ज्या धुळीसाठी आहे, तीच ही.

येथेच ‘माणसे हजारो वर्षे वाळवंटात राहतात’ या युक्तिवादाचा समाचार घ्यायला हवा, कारण तो ऐकायला फार पटणारा आहे आणि मुळात चुकीचा आहे. माणसे राहतात, पण विनाकिंमत राहत नाहीत. सहारातील रहिवाशांच्या फुफ्फुसांत साचलेल्या सिलिकाची नोंद फ्रेंच संशोधकांनी १९५२ मध्येच केली होती. आपल्याच लडाखमध्ये, जिथे ना खाण आहे ना कारखाना, तीन गावांतील ४४९ रहिवाशांची तपासणी करून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धुळीने होणारा फुफ्फुसविकार कमी धुळीच्या गावात २ टक्के, मध्यम धुळीच्या गावात सुमारे २० टक्के आणि सर्वाधिक धुळीच्या गावात ४५ टक्के लोकांत आढळला. धुराडे नसलेल्या घरांतील चुलीच्या धुराचाही त्यात वाटा होता, हे त्या संशोधकांनी स्पष्टपणे म्हटले आहे, आणि ते विसरून चालणार नाही. तरीही धुळीबरोबर चढत जाणारे ते आकडे बोलके आहेत. वाळवंटात राहणारा माणूस शिवाय वादळ आले की तोंडावर कापड ओढून घरात बसतो. पिढ्यान्‌पिढ्यांनी त्याला हे शिकवलेले आहे. पहाऱ्यावरच्या सैनिकाला आत जाऊन बसता येत नाही.

सैनिकाचा श्वासही रहिवाशाच्या श्वासासारखा नसतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. पाठीवर तीस-चाळीस किलोंचा बोजा घेऊन धावणारा माणूस त्याच्या सहा-आठ पट हवा घेतो, आणि तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. त्यात वाळवंटाची जमीन मुळात मोकळी नसते. तिच्यावर बारीक खडे आणि कडक पापुद्रा यांचे एक कवच असते आणि ते खालच्या मातीला धरून ठेवते. रणगाड्यांचे पट्टे आणि ट्रकची चाके ते कवच फोडतात. १९९१ नंतर कुवेतच्या वाळवंटात हे मोठ्या प्रमाणावर दिसले. उंटावरून जाणाऱ्या बदूला भेटणारी धूळ आणि लष्करी ताफ्यात पाचव्या वाहनावर बसलेल्या शिपायाला भेटणारी धूळ, या दोन्ही एकच कशा मानायच्या?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. सिद्ध काय झाले आहे? अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०११ मध्ये खड्ड्यांच्या धुराविषयी आणि २०२० मध्ये एकूण हवेतील घातक घटकांविषयी अहवाल दिले. बहुतेक दीर्घकालीन विकारांच्या बाबतीत दोन्ही वेळा निष्कर्ष आला तो ‘पुरावा अपुरा’ असाच. हजारो सैनिकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या लष्करी अभ्यासात, तैनातीवर जाऊन आलेल्यांपैकी १४ टक्क्यांनी आणि न गेलेल्यांपैकी १० टक्क्यांनी श्वसनाच्या नव्या तक्रारी सांगितल्या, पण दमा आणि जुनाट ब्रॉन्कायटिस यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. हे आकडे कोणाही प्रामाणिक माणसाला थबकायला लावणारे आहेत आणि ते झाकून ठेवून वाद जिंकण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

पण ‘अपुरा’ म्हणजे काय, हे नीट वाचले पाहिजे. पुरावा शोधला आणि सापडला नाही, ही एक गोष्ट. पुरावा जमाच केला नाही, ही दुसरी. २००६-०७ मधील धूळ तपासण्याच्या ज्या मोहिमेचा वर उल्लेख केला ती संपूर्ण प्रदेशात १५ जागी, वर्षभर, दर सहाव्या दिवशी हवेचे नमुने घेत होती. त्यांतील जवळजवळ सर्व ठिकाणी सूक्ष्म कणांचे प्रमाण लष्कराने स्वतःच आखलेल्या वार्षिक मर्यादेपेक्षा अधिक निघाले. परंतु अमुक शिपाई अमुक आठवड्यात त्यातील किती धुळीत उभा होता, हे कोणालाच सांगता येत नाही. तो गेला तेव्हा त्याच्या फुफ्फुसांची क्षमता किती होती, हेही बहुतेकांच्या बाबतीत नोंदलेले नाही, कारण फुंकून करायची ती साधी चाचणी जाण्यापूर्वी सरसकट केली जात नव्हती. मग परतल्यावर घटलेली क्षमता कशाशी ताडून पाहायची? २०११ मध्ये केंटकीतील एका लष्करी तळावरच्या ८० सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी सहज धावणारी ही माणसे आता धाप लागून थांबत होती. यंत्रांवरच्या नेहमीच्या चाचण्यांत बहुतेकांचे काही वावगे दिसत नव्हते. त्यांतील ४९ जणांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा ३८ जणांच्या अगदी बारीक श्वासनलिका आकसून गेलेल्या आढळल्या. यांच्यातील अनेक जण २००३ मध्ये मोसुलजवळच्या गंधकाच्या खाणीला लागलेल्या आगीच्या धुरात सापडले होते, तेव्हा हा दोष एकट्या धुळीच्या माथी मारता येणार नाही. पण छाती उघडल्याशिवाय जो रोग दिसत नाही, तो सर्वसाधारण प्रश्नावलीत दिसला नाही म्हणून नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

लष्कराला धूळ मोजता येत नाही, असेही नाही. यंत्राच्या बाबतीत ते ही गोष्ट फार पूर्वीपासून करत आले आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पाठवलेल्या स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली वाळू रोखणारे भलेमोठे फिल्टर बसवले गेले. त्याने विमानाचा वेग घटत होता, आणि लढाऊ विमानाचा वेग म्हणजे वैमानिकाचा जीव, तरीही इंजिन वाचवण्यासाठी ते पत्करले गेले. १९८० मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली त्यात हवेत तरंगणाऱ्या धुळीचा हात होता. १९९० मध्ये सौदी अरेबियात उतरल्यावर हेलिकॉप्टरच्या टर्बाइनची पाती वाळूने झिजू लागली आणि रणगाड्यांचे एअर फिल्टर पुन्हा पुन्हा काढून झटकावे लागले. प्रत्येक हेलिकॉप्टर इंजिनाचे लॉगबुक असते. ते किती तास चालले, काय झिजले, काय बदलले, हे त्यात टिपलेले असते. मला या वादातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. धुळीने इंजिन झिजते हे मान्य करायला कोणी पंधरा वर्षांचा अभ्यास मागितला नाही.

आणि माणसांसाठी हे कधी झालेच नाही, असेही म्हणता येत नाही. ज्या वर्षांत स्पिटफायरवर फिल्टर चढत होते, त्याच वर्षांत कॅलिफोर्नियाच्या सान वाकीन खोऱ्यातील नव्या विमानतळांवर शिकाऊ सैनिक ताप, खोकला आणि छातीदुखीने आजारी पडत होते. कारण होते तिथल्या मातीतील एक बुरशी. तिचे कण धुळीबरोबर उडतात आणि श्वासातून आत जातात. या रोगाचा जगातील पहिला नोंदलेला रुग्ण हादेखील १८९२ मधील अर्जेंटिनाचा एक सैनिकच होता. चार्ल्स स्मिथ या डॉक्टरांनी सैनिकांच्या त्वचेवर चाचण्या घेऊन कोणाला संसर्ग झाला आहे आणि कोणाला केव्हा झाला, याची नोंद ठेवायला लावली. मग लष्कराने मोकळ्या मैदानांवर हिरवळ लावली, रस्ते डांबरी केले, धावपट्ट्यांच्या कडेला तेल शिंपडले. नव्या संसर्गाचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आले. हे सारे ऐन महायुद्धात झाले. मग ‘युद्धात धूळ मोजत बसायचे का?’ या प्रश्नाला आणखी निराळे उत्तर कशाला हवे?

लढणाऱ्या तुकडीला गस्तीवर धूळमापक घेऊन जायला कोणी सांगत नाही, हे खरेच. गोळीपासून वाचणे आधी, धूळ नंतर. परंतु तैनातीचा बहुतेक काळ लढण्यात जात नाही. तो तळावर, पहाऱ्यावर, वाहनांत, झोपण्याच्या तंबूत जातो. तिथे खडी अंथरता येते, पाणी मारता येते, तंबू हेलिकॉप्टरच्या उतरण्याच्या जागेपासून दूर ठोकता येतो. धूम्रपानाकडेही बोट दाखवले जाते आणि ते बरोबरच आहे. मार्च २००३ पासूनच्या एका वर्षात इराकच्या परिसरात तैनात १ लाख ८३ हजार सैनिकांपैकी १८ जणांना एका दुर्मीळ, झपाट्याने वाढणाऱ्या न्यूमोनियाने गाठले, दोघे दगावले. अठराच्या अठरा जण सिगारेट ओढणारे होते, आणि त्यांतील बहुतेकांनी ती तैनातीवर आल्यावरच सुरू केली होती. पण एक वगळता सर्वांनी भरपूर बारीक धूळही खाल्ली होती. नव्याने धूम्रपान सुरू करणारी तरुण मुले आपापल्या गावीही असतात. सिगारेट आणि धूळ यांची गाठ मात्र तैनातीवर पडली. एक कारण सापडले म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. याच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, १९१५-१६ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन लढली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे ती शरण गेली. त्या मोहिमेत जखमींचे आणि आजाऱ्यांचे जे हाल झाले, ते बसऱ्याच्या घाटावर स्वतः पाहून कळवणाऱ्या मेजर कार्टर या डॉक्टरला वरिष्ठांनी अटकेची धमकी दिली. १९१७ च्या चौकशी आयोगाने सारे उजेडात आणले तेव्हा ब्रिटिश सरकारच्या भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. नोंद नसणे हे कोणाच्या सोयीचे असते, ते तेव्हाही दिसले होते.

आज आपले जवान जैसलमेर, बाडमेर, बिकानेरच्या वाळूत आणि लडाखच्या थंड वाळवंटात वर्षानुवर्षे उभे असतात. २००१ च्या डिसेंबरपासून जवळजवळ दहा महिने, ऑपरेशन पराक्रमच्या काळात, लाखो सैनिक सीमेवर खिळून होते आणि त्यांतील मोठा भाग राजस्थानात होता. कारखान्यांच्या आणि खाणींच्या कायद्यांत सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. खाणमालकाला हवेतील धूळ मोजावी लागते. सीमेवरच्या चौकीला असा कोणी मालक आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात स्वच्छ सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर पुढे उद्भवलेला आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील. २०२३ मध्ये अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नियम नव्याने आले तेव्हा गैरफायदा घेणाऱ्यांना रोखण्याचे कारण पुढे केले गेले. गैरफायदा घेणारे असतील, त्यांना रोखलेही पाहिजे. पण खरा आणि खोटा दावा वेगळा करायचे साधन तरी कोणते आहे? सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यातला, वीस वर्षांच्या नोकरीतली सहा-सात वर्षे वाळूत काढलेला एखादा हवालदार निवृत्तीच्या वैद्यकीय बोर्डासमोर उभा राहून जिना चढताना दम लागतो म्हणून सांगतो, तेव्हा त्याच्या कागदांत वजन असते, रक्तदाब असतो, छातीचा एक्स-रे असतो आणि कोणत्या सालात कोणत्या पोस्टिंगवर होता तेही असते. भरतीच्या दिवशी आणि प्रत्येक वाळवंटी पोस्टिंगच्या आधी व नंतर घेतलेली फुंकण्याची चाचणी, आणि त्या चौकीवर त्या महिन्यांत हवेत धूळ किती होती त्याचा आकडा, एवढी दोन पाने त्या कागदांना जोडली गेली, तर ‘आजार सेवेमुळे झाला काय?’ या रकान्यात बोर्डाच्या डॉक्टरांना अंदाजाने काही लिहावे लागणार नाही. ती पाने जोडली जात नाहीत तोपर्यंत त्या रकान्यातले उत्तर हवालदाराच्या बाजूने लिहिले गेले पाहिजे.